बोटं हलतात ना?

आमच्या गडब गावात पडायला जागा पुष्कळ. लावणीच्या दिवसांत शेताचे बांध आहेत. खारीच्या चिखलावर पाय पडला की माणूस पुढे आणि चप्पल मागे. गोकुळाष्टमीला थर आहेत. गणपतीत मखराला लायटिंग करण्यासाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवलेलं स्टूल आहे. थंडीत कबड्डीचे सामने, लग्नसराईत हळदी, वैशाखात आंब्याची झाडं. आणि ज्याला हंगाम लागत नाही असा मुंबई-गोवा महामार्ग तर बाराही महिने दाराशीच. तो १७ नंबरचा होता तेव्हाही माणसं पडत होती, ६६ नंबरचा झाल्यावरही पडतात. पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटर चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता लायसन काढून त्याच रस्त्यावर आपटतात.

एवढी पडझड असलेल्या गावात हाडांचे जाणकार नसतील तरच नवल. माणूस पुरता जमिनीला टेकायच्या आधी चारजण गोळा झालेले असतात. त्यात एक असतो डोलवीच्या कंपनीत कधीकाळी प्रथमोपचाराचा तास ऐकलेला. एकाच्या मांडीत रॉड असतो, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा. तेलाची बाटली घेऊन निघालेल्या एक आजी असतात. आणि चौथा नुसताच मोठ्या आवाजाचा. तपासणीला सुरुवात हाच चौथा करतो.

“बोटां हालतान ना रं? मंग हार नाय मोरला!”

निकाल लागला. अपील नाही. पडलेल्याने बिचाऱ्याने पाच बोटं हलवून दाखवलेली असतात, त्यामुळे त्यालाही पुराव्यापुढे बोलता येत नाही. आता बोटं हलवणारे बरेचसे स्नायू वर कोपराजवळ सुरू होतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून खाली येतात. मधल्या हाडाला तडा गेला म्हणून दोरी ओढली जायची थांबत नाही. मनगट मोडलेला माणूस बोटं हलवतो, मोबाईलवर स्टेटसही टाकतो. पण हे तिथे सांगणार कोण? मी एकदा सांगू पाहिलं, तर रॉडवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या धड हाडांची लाज वाटली.

बाकीच्या चाचण्याही याच तोलामोलाच्या. “सूज नाही, म्हणजे काही नाही.” सुजेला यायला वेळ लागतो, ती पेण-रोहा गाडीसारखी वेळापत्रक लावून येत नाही. “मोडलं असतं तर बोंबलला असता.” यावर पुढे येतोच. आणि सर्वांत लाडकी चाचणी म्हणजे “उभा राहून बघ.” दोघांनी काखेत हात घालून उभं करायचं, तिसऱ्याने मागून हात काढून घ्यायचा, आणि तो परत पडला की चौथ्याने म्हणायचं, “बग, नाय जमत.”

निकाल चुकला म्हणून मी तक्रार करत नाही. निकाल डॉक्टरांचेही चुकतात. माझी तक्रार आहे ती खटल्याबद्दल. ही सगळी मंडळी “मोडलं की नाही मोडलं” एवढ्याच मुद्द्यावर तासभर घालवतात, आणि खरी घाई त्या मुद्द्यावर ठरतच नाही. जागेवरून न सरकलेलं, कातडी न फाटलेलं मनगट नीट आधार देऊन गळ्यात अडकवलं, तर सकाळी पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं तरी सहसा बिघडत नाही. उलट हाड शाबूत आहे पण पुढे रक्त पोचत नाही, असा पाय सकाळची वाट बघत नाही. रक्त तुटलं की साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरायला लागतात. सहा तास म्हणजे आपल्याकडे “बघू, उतरेल” म्हणण्यात सहज जाणारा वेळ.

म्हणून जिथे लागलंय तिथे सगळ्यांनी दाबून बघण्यापेक्षा त्याच्या पुढे बघावं. कोपराला लागलं तर बोटं बघावीत, गुडघ्याला लागलं तर पाऊल. दुसऱ्या बाजूच्या मानाने थंडगार आहे का? फिकट किंवा निळसर? नख दाबून सोडलं की पांढरं होतं आणि दोनेक सेकंदांत परत गुलाबी होतं. होत नसेल तर मिनीडोर रिक्षा शोधायला लागा. मुंग्या येतात का, हात लावलेला कळतो का, हे विचारा. आणि बोटं हलवायला जरूर सांगा, पण हाडाचा निकाल द्यायला नव्हे, नसा शाबूत आहेत का ते बघायला. म्हणजे आपल्या चौथ्याचा प्रश्न बरोबर असतो. तो फक्त भलत्याच केसमध्ये विचारतो.

बाईकवरून पडलेल्याच्या गुडघ्याबाबत तर हे फारच लागू. गुडघा निखळतो आणि कधीकधी उचलताना खटकन आपोआप जागेवर बसतो. मंडळी खूश. कुणीतरी उचलणाऱ्याची पाठ थोपटतो. पण निखळताना गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी ताणली किंवा फाटली असू शकते, आणि बाहेरून गुडघा अगदी सोज्वळ दिसतो. अशा गुडघ्याला मलम लावून घरी पाठवणं म्हणजे अर्ध्या पायाला निरोप देणं.

यात आणखी एक प्रकार असा की, इजा छोटी आणि दुखणं तिच्या मानाने अवाच्या सवा. नडगीचे आणि हाताचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. भाताचं पोतं काठोकाठ भरून तोंड शिवलं की मूठभर दाणेही वर जात नाहीत. तसं आत सूज वाढली की बाहेरचं रक्त आत शिरेनासं होतं. दुखणं तासातासाला वाढत जातं, गोळीला दाद देत नाही, आणि दुसऱ्या कुणी बोट जरा सरळ केलं तर माणूस छपराला टेकतो. याला वेळेत डॉक्टर मिळाला तर तो पडदा चिरून जागा मोकळी करतो. बाहेरून घट्ट पट्टी बांधली तरी आत नेमकं हेच होतं.

इथे हाडवैद्याचा विषय काढावाच लागतो आणि जपून काढावा लागतो, कारण गावातल्या अर्ध्या माणसांचे हातपाय त्यांनी बसवलेले आहेत. त्यांच्या बोटांना काही कळत नाही असं मी म्हणणार नाही. निखळलेला खांदा बोलता बोलता बसवणारी माणसं कोकणात आहेत. पण लेप, कापूस आणि बांबूच्या कामट्या झाल्या की वरची पट्टी किती आवळायची हे वैद्यापेक्षा गिऱ्हाईक ठरवतं. सैल बांधली तर पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. रात्री पोर रडायला लागलं की घरात समजूत निघते, “दुखणार, सांधतंय ना.” पोराची बोटं निळी पडेपर्यंत सांधतच असतं.

याची पहिली नीट नोंद १८८१ साली रिखार्ड फॉन फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने केली. घट्ट पट्ट्यांनी रक्त कोंडून हाताचे स्नायू मरतात आणि मग पंजा पक्ष्याच्या नखीसारखा कायमचा आत वळतो, असं त्याने लिहून ठेवलं. आजही त्या विकृतीला त्याचंच नाव आहे. गंमत म्हणजे हाच गृहस्थ रिखार्ड लेआंडर या टोपणनावाने मुलांसाठी परीकथा लिहायचा आणि त्या जर्मनीत चिकार खपल्या. पट्टीबद्दलचं त्याचं लिखाण गडबपर्यंत अजून यायचंय.

कबड्डीच्या मैदानावर घोट्याला फार मान आहे. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडणं हे कौशल्य, आणि घोटा सुटला तरी मुरगळणं हे त्याचं भाडं. अशा घोट्यासाठी ओटावाच्या डॉक्टर मंडळींनी १९९२ साली एक साधा नियम काढला. प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा फोटो काढून कॅनडाचे सरकारी दवाखाने कंटाळले होते. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी टेकाडं लागतात त्यांची मागची कड खालून सहा सेंटिमीटरपर्यंत दाबायची. तिथे हाडावरच दुखलं तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर एक उंचवटा लागतो, तोही दाबायचा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही. आणि शेवटी, लागल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता येतात का ते बघायचं. लंगडत का होईना, पण चार. यांत कुठेच दुखलं नाही आणि चार पावलं टाकता आली, तर मोडलं नसल्याची खात्री जवळजवळ धरून चालता येते. “उभा राहून बघ” या आपल्या चाचणीच्या हे पुष्कळ जवळ जातं, हे मान्य करायला हवं. फक्त त्यात मागून हात काढून घेणारा तिसरा नाही.

या नियमाला काही पथ्यं आहेत. फार लहान मुलांना तो लावत नाहीत, पाय बधिर असेल तर लावत नाहीत, आणि प्यायलेल्या माणसाला लावत नाहीत. शेवटच्या पथ्यामुळे लग्नसराईत आमच्या भागात तो जवळपास रद्दच होतो. हळदीच्या रात्री बेंजोच्या तालावर नवऱ्याचा मामा उडी मारून खाली येतो, पायाचा कट्कन आवाज बेंजोवरही ऐकू येतो, आणि मामा चार कशाला, चाळीस पावलं नाचून दाखवतो. त्याच्या हाडाचं खरं बयान दुसऱ्या दिवशी अकराला, लिंबूपाण्यानंतर. तेवढ्यात वरात निघालेली असते आणि मामाशिवाय वरात कशी?

नाचताना किंवा चढाईत मागून कुणी टाचेवर लाथ मारल्यासारखं वाटलं, माणूस चिडून मागे वळला आणि मागे कुणीच नसलं, तर बहुधा टाचेची जाड दोरी तुटलेली असते. पाऊल खाली-वर थोडं होतं, त्यामुळे “लचक” म्हणून सोडून देतात. चवड्यावर उभं राहता येत नाही, हे आठवड्याने लक्षात येतं. दरम्यान कुणावर लाथेचा आळ घेतला असेल तर तो निस्तरायचा तो वेगळाच.

आता “मोडलं असतं तर बोंबलला असता” या सिद्धांताकडे. गडबमध्ये जो मोठ्याने ओरडतो त्याच्याभोवती गर्दी होते. ओरडायला श्वास, शुद्ध आणि बाकी तब्येत बरी लागते. तेव्हा ओरडणारा निदान तेवढ्यापुरता सुखरूप असतो. लक्ष ठेवायचं ते गप्प बसलेल्यांवर.

गप्प बसणाऱ्यांत पहिल्या म्हणजे आजी. न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय घसरतो, त्या बुडावर बसतात, आणि म्हणतात, “काय नाय झाला, मना जरा परु दे.” सून तेल गरम करते. दुसऱ्या दिवशी शेक. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात येतं की निजलेल्या आजींचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय. खुब्याचं हाड मोडल्याची ही अगदी ओळखीची खूण आहे, आणि ती दिसायला चादर उचलण्याखेरीज काही लागत नाही. कधी हाड एकमेकांत रुतून बसतं आणि आजी चक्क काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. मांडीच्या सांध्यात दुखतंय एवढंच सांगतात. हे ऑपरेशन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं असं जगभरचे सर्जन सांगतात, कारण अंथरुणावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला खुब्यापेक्षा छातीचा कफ आणि पाठीच्या जखमा जास्त भोवतात. “या वयात कशाला चिरफाड” हे वाक्य मायेने म्हटलं जातं. त्या मायेपायी आजी कायमच्या खाटेला खिळतात.

दुसरं, आंब्याच्या झाडावरून पडलेलं पोर. ते मार बसेल म्हणून गप्प असतं. हात कोपरात धरून आडोशाला उभं असतं, आणि आंबा दुसऱ्या हातात असतो. तेलवाल्या आजींची बाटली इथे पुन्हा येते. सुजलेल्या कोपराला चोळू नये. अगदी कुणी पायाळू असलं तरी चोळू नये. चोळून चोळून तिथल्या स्नायूत रक्त साकळतं आणि काही दिवसांनी स्नायूतच हाड धरायला लागतं. मग कोपर काटकोनात अडकून बसतो, आणि पोराला पुढची वर्षं घास तोंडापर्यंत नेताना मानेने मदत करावी लागते. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप मुक्या माराला मी स्वतः लावतो, पण चोळत नाही. आणि कोपराला तर एक्स-रे झाल्याशिवाय काहीच लावत नाही.

पायाळू माणसाचं निघालंच आहे तर उसणीचं सांगतो. कमरेत उसण भरली की पायांकडून जन्मलेल्या माणसाची हलकी लाथ बसवायची, हा उपाय रायगडातच काय, साऱ्या महाराष्ट्रात चालतो. बहुतेक उसणी चार-आठ दिवसांत आपोआप जातात, त्यामुळे पायाळूंची कीर्ती अबाधित आहे. पण कमरेबरोबर दोन्ही पायांत बधिरपणा, खुर्चीला टेकतो तो भाग सुन्न, आणि लघवी अडलेली किंवा नकळत होणारी, असं असेल तर पायाळूला घरी बसवून सर्जन गाठायचा, त्याच दिवशी. मणक्याखालच्या नसांचा झुबका दाबला गेलेला असतो. अडचण अशी की लघवीचं गावात कुणी कुणाला विचारत नाही. लाथ मारणं चालतं, विचारणं बरं दिसत नाही.

आणि पडझड काहीच नसताना गुडघा एका रात्रीत लाल, गरम आणि टम्म झाला, वर ताप, तर मात्र शेक आणि वाट बघणं दोन्ही बंद. सांध्यात पू धरलेला असू शकतो आणि तो दोन-चार दिवसांत आतली गुळगुळीत कूर्चा खाऊन टाकतो. तान्हं मूल असेल तर ते फक्त एक पाय हलवायचं थांबतं. “दृष्ट लागली” म्हणून मीठ-मोहरी उतरवली तरी चालेल, पण ती गाडीत बसून उतरवा.

हाड बाहेर दिसतंय किंवा मोडलेल्या जागेवर जखम आहे, मग ती टाचणीएवढी का असेना, तिथे चर्चाच नको. महामार्गाची सगळी धूळ आत शिरलेली असते. स्वच्छ कपड्याने झाकायचं, दाबून रक्त थांबवायचं, हाड आत ढकलायचं नाही. हळद, चहाची पूड, तंबाखू, यांतलं काही भरायचं नाही. दवाखान्यात ती पूड खरवडून काढण्यात सिस्टरचा जो वेळ जातो, त्यात ती जे बोलते तेही नातेवाइकांना ऐकून घ्यावं लागतं.

उचलण्याचं शास्त्र आपल्याकडे म्हणजे चारही दिशांनी एकदम उचलणं. याबाबतीत लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनची हकीकत मला फार आवडते. १७५६ च्या जानेवारीत तो ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडला आणि नडगी मोडली, हाड कातडीबाहेर. कडाक्याच्या थंडीत तो तसाच रस्त्यावर पडून राहिला आणि कुणाला हात लावू देईना. वेस्टमिन्स्टरहून दोन भोई दांड्यांसकट बोलावले, ते येईस्तोवर पडल्या पडल्या एक दरवाजा विकत घेतला, दांडे दरवाजाला ठोकून घेतले, स्वतःला त्यावर ठेवून घेतलं आणि लंडन ब्रिजवरून घरी गेला. जमलेले सर्जन पाय कापायच्या तयारीत होते, हत्यारं मांडलेली होती. तेवढ्यात त्याचे जुने गुरू आले आणि म्हणाले, वाचवून बघू. पाय वाचला. पॉट अंथरुणावर पडून ग्रंथ लिहायला लागला. हात न लावू देण्याइतकी ऐपत आपल्या पेशंटकडे नसते. तो “हळू रं, हळू” म्हणेपर्यंत टेम्पोच्या हौद्यात पोचलेला असतो.

दरवाजा मिळाला नाही तर फळी चालते, जाड पुठ्ठा चालतो, घडी घातलेलं वर्तमानपत्र चालतं, दुसरा धड पायही चालतो. मोडलेला पाय त्याला बांधायचा, मध्ये टॉवेल घालून. मोडल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलता कामा नयेत, म्हणजे वडखळपर्यंतचा प्रत्येक खड्डा पेशंट मोठ्याने मोजणार नाही. अंगठ्या, पैंजण, कडं आधी काढायचं, सूज चढल्यावर ते कापावं लागतं. मान-पाठीला लागल्याचा संशय असेल तर उचलायचंच नाही, १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गाडी येईपर्यंत काय करायचं, तर काहीच नाही. हेच आपल्याला जमत नाही.

कारण तेवढ्यात पाणी आलेलं असतं. पाठोपाठ चहा, “तरतरी येईल.” चहाबरोबर बटर. कुणीतरी ग्लुकोजचं बिस्कीट बुडवून पेशंटच्या तोंडाशी धरतो, आणि नाही म्हणायची त्याची टाप नसते. पुढे दवाखान्यात सर्जन म्हणतो आत्ता घेऊ, आणि भूल देणारे डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, शेवटचं काय आणि कधी खाल्लं? भूल द्यायला पोट रिकामं लागतं. भरल्या पोटी उलटी श्वासनळीत जाऊ शकते. नातेवाईक प्रामाणिक असतात. पाणी, चहा, बटर, बिस्कीट, निघताना दादूसनी दिलेलं अर्धं केळं, सगळं आठवून आठवून सांगतात. ऑपरेशन सहा तास पुढे जातं. डॉक्टर आत गेल्यावर मंडळी एकमेकांकडे बघतात. मग मावशी पिशवी सावरत सिस्टरच्या टेबलापाशी जातात आणि आवाज बारीक करून विचारतात,

“सिस्टर, शहाळा चालंल ना? त्यो काय खान्यात मोजत नाय.”